एका गंधाचा श्लेष

बंगळुरात पावसाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की मल्लेश्वरमच्या जुन्या घरांच्या कुंपणांशी, फुटपाथच्या फरश्यांच्या फटींत, बांधकामावरच्या मातीच्या ढिगांवर खोकली उगवू लागते. कन्नड शेजारी तिला कुप्पी गिड म्हणतात. आपल्याकडे ती खोकली किंवा कुप्पी, वैद्यांची हरितमंजरी आणि लिनियसने १७५३ साली नोंदवलेली अकॅलिफा इंडिका. एरंडाच्या कुळातले हे एकसाली रोपटे फार वाढले तरी दोन-अडीच फुटांचे. तण म्हणून उपटून टाकायची इतकी सवय झालेली असते की तिची घडण कुणी बघत नाही. ती बघावी. पानांचे देठ लांब, आणि प्रत्येकाची लांबी वेगळी, त्यामुळे वरून पाहिले तर कुठलेच पान दुसऱ्याच्या उन्हाआड येत नाही. पानांच्या बगलेतून सरळ तुरे निघतात. तुऱ्याच्या वरच्या भागात डोळ्यांना जेमतेम दिसणारी नरफुले, खालच्या भागात मादीफुले, आणि मादीफुलांना कवेत घेणारे दातेरी काठांचे हिरवे पेले.

पण खोकलीचे खरे वैभव मातीखाली आहे. आमच्या इमारतीचा माळी तण काढताना खोकलीची मुळे बाजूला ठेवतो. "बेक्कु बरुत्ते," मांजर येईल, एवढेच म्हणतो. आणि मांजर येते. आधी हुंगते, मग मुळावर गाल घासते, मूळ चघळते, लाळ गाळते, पाठीवर पडून गडबडा लोळते. दहा-पंधरा मिनिटांनी उठते, अंग चाटते आणि मुळाकडे ढुंकूनही न बघता निघून जाते. आमची मनी हे सगळे दर पावसाळ्यात करते. तिच्याच घरात वाढलेला बोका मुळावरून उडी मारून जातो, थांबतसुद्धा नाही.

माळ्याला हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून मिळालेले नाही. तमिळमध्ये या झाडाला कुप्पैमेनीखेरीज पूनैवणंगी असेही नाव आहे, मांजर जिच्यापुढे लवते ती. म्हणजे दक्षिणेत कुणीतरी कधीकाळी नीट पाहिले आणि पाहिलेले नावात ठेवून दिले. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याच्या 'होर्तुस मलाबारिकुस' या बारा खंडी ग्रंथाच्या १६९० सालच्या दहाव्या खंडात हीच वनस्पती 'कुपामेनी' म्हणून चित्रासह आली आहे. त्या ग्रंथाच्या कामात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरीत छापलेले आहे. आपल्या अंगणातल्या या तणाची छापील परंपरा अशी साडेतीनशे वर्षांजवळ पोचते, आणि तिच्या उगमाशी आपल्याच लिपीतली अक्षरे आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो.

मुळात असे असते तरी काय, याचे रासायनिक उत्तर २०१६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दिले. मोकाट मांजरांना सापळ्याकडे आणणारा वास ते शोधत होते, आणि खोकलीच्या मुळांतून त्यांना दोन द्रव्ये मिळाली: आयसोडायहायड्रोनेपेटालॅक्टोन आणि आयसोइरिडोमिर्मेसिन. पहिल्या नावाच्या पोटात जे 'नेपेटालॅक्टोन' आहे तेच कॅटनिपच्या तेलाचे मुख्य द्रव्य. कॅटनिप, म्हणजे नेपेटा कॅटारिया, तुळस-पुदिन्याच्या कुळातली, थंड हवेची, युरोपपासून हिमालयापर्यंत पसरलेली वनस्पती. खोकली एरंडाच्या घरची. दोन्ही कुळांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही, तरी दोघींनी जवळपास एकच गंध घडवला. इंदिरानगर-कोरमंगलाच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आज कॅटनिपची बाटली सहज मिळते, आणि ती घेणाऱ्याच्या दारातच तिची देशी बहीण उगवलेली असते. मला रसग्रहण करायचे आहे ते या गंधाचे. तेल त्याची एक प्रत आहे, मूळ दुसरी.

आधी तेल. कॅटनिप फुलोऱ्यात आली की तिचा पाला वाफेवर धरतात. पानांच्या खालच्या अंगाला बारीक ग्रंथी असतात, तेल त्यांत साठलेले असते. वाफेने त्या फुटतात, तेल वाफेबरोबर वर जाते आणि थंड झाल्यावर पाण्यापासून वेगळे होते. शंभर किलो ताज्या पाल्यातून एक किलोही तेल निघत नाही. कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेऊन हुंगले तर प्रथम पुदिन्याच्या घरातले काहीतरी जाणवते, पण पुदिन्याचा गारवा त्यात नाही. त्यामागून वाळत घातलेल्या गवताचा गोडसर, कोमट वास येतो, आणि पट्टी थोडी सुकल्यावर एक कडवट, धुळीची कड उरते. तासाभराने पट्टीवर फारसे काही राहिलेले नसते. माणसाच्या नाकाला हा गंध आवडतो किंवा आवडत नाही, वेड मात्र लावत नाही.

तो इतका लवकर का उडतो, हे समजून घ्यायला बंगळूरसारखे शहर नाही, कारण हे न उडणाऱ्या तेलाचे शहर आहे. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानचे चंदन युरोपात जाणे अडले, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात ते तेल इथेच काढायचे ठरले. त्याच्या रसायनाचा अभ्यास इथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये झाला, १९१६ मध्ये म्हैसूरला तेलाचा कारखाना निघाला आणि १९१८ मध्ये बंगळुरात साबणाचा. सोसले गरलपुरी शास्त्री या रसायनज्ञाचे नाव त्या साबणाशी कायमचे जोडले गेले आहे. आज नम्म मेट्रोच्या एका स्थानकाचे नावच सँडल सोप फॅक्टरी आहे. चंदनाच्या तेलातला सँटॅलॉल पंधरा कार्बनचा, रेणुभार २२०. नेपेटालॅक्टोन दहा कार्बनचा, रेणुभार १६६. जड रेणू कातडीवर, लाकडावर, कपड्यावर बसून राहतो, हलका हवेत निघून जातो. चंदनाला भट्टीत खूप वेळ राबवावे लागते, कॅटनिपचा पाला त्या मानाने झटपट तेल सोडतो. चंदनाचे तेल संथ विलंबित लयीतले, कॅटनिपचे द्रुत. एकदा हा भारांतला फरक लक्षात आला की कॅटनिपच्या तेलाकडून काय मागावे आणि काय मागू नये, याचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

हा रेणू प्रथम वेगळा काढला तो १९४१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात सॅम्युअल मॅकएल्व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९५४ मध्ये जेरॉल्ड माइनवाल्ड यांनी त्याची रचना पक्की केली. दोन कड्या एकमेकींना जोडलेल्या, त्यांतल्या एकीत ऑक्सिजन. कड्या जिथे जुळतात तिथला एक कोन बदलला की तोच रेणू दुसऱ्या रूपात उभा राहतो. बहुतेक तेलांत ही दोन रूपे कमी-अधिक प्रमाणात असतात, आणि तेलाची जात त्यावरून ओळखतात.

झाडाने हा गंध मांजरासाठी केला, असे आपल्याला सहज वाटते. १९६४ मध्ये थॉमस आइस्नर यांनी हा प्रश्न सरळ विचारला: कॅटनिपला याचा उपयोग काय? त्यांनी द्रव्य कीटकांसमोर धरून पाहिले. पुष्कळसे कीटक पाठ फिरवून गेले. गंध मुळात शत्रूंना उद्देशून होता. पुढे आणखी उलगडले. पिकावरचा मावा जोडीदाराला बोलावताना जो गंध सोडतो, त्यात हेच नेपेटालॅक्टोन आणि त्याचा भाऊबंद नेपेटालॅक्टॉल असतात. शेतकरी ज्याला मित्रकीटक म्हणून ओळखतो तो क्रायसोपा माव्याच्या याच हाकेवरून शिकारीचा माग काढतो. इरिडोमिर्मेक्स नावाच्या मुंग्यांच्या अंगात याच घराण्यातली द्रव्ये सापडली, आणि साऱ्या घराण्याला इरिडॉइड हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. म्हणजे एकच रेणू माव्याला म्हणतो 'ये', क्रायसोपाला म्हणतो 'भक्ष्य इथे आहे', डासाला म्हणतो 'जा', आणि मांजराला असे काही सांगतो की ते लोळण घेते. एका शब्दातून चार अर्थ एकाच वेळी चालवणाऱ्या श्लेषाचे आपल्या काव्यशास्त्राने एवढे कौतुक केले आहे. निसर्गातला याहून सघन श्लेष मला माहीत नाही.

त्यात एक कथानकही आहे. पुदिन्याच्या कुळाच्या पूर्वजांना इरिडॉइड बनवता येत होते. नंतर कुळाच्या एका मोठ्या शाखेने ती विद्या गमावली. नेपेटाचे पूर्वज त्याच शाखेतले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले की नेपेटाने ती विद्या नव्या वाटेने पुन्हा मिळवली: काही जुनी जनुके हाताशी धरून, काही नवी घडवून. विसरलेला राग पुन्हा बांधावा, तोही आजोबांच्या बंदिशीपेक्षा वेगळा, तसे हे आहे.

आता रसिकाकडे वळू. कारण हा गंध अपुरा आहे, तो पुरा होतो मांजराच्या अंगात. अभिनवगुप्तांच्या रसविचारात रसिकाच्या मनात वासना, म्हणजे आधीपासून सुप्त असलेला संस्कार, असावा लागतो. तो नसेल तर नाटक समोर घडूनही रस उपजत नाही. मनी आणि बोका यांच्यातला फरक मला याच विचाराने कळतो. नील टॉड यांनी १९६२ मध्ये दाखवले की कॅटनिपला मिळणारा प्रतिसाद वंशपरंपरेने येतो. सुमारे दोनतृतीयांश मांजरे लोळतात, बाकीची लोळत नाहीत. अलीकडचे अभ्यास एवढ्या सरळ विभागणीला मुरड घालतात. न लोळणाऱ्या मांजरांतही काही मंद प्रतिसाद असतो. अगदी लहान पिल्लांना काहीच होत नाही, दोन-तीन महिन्यांनंतर ही जाण उमलते. सिंह, बिबळे, जॅग्वार यांच्यातही ती आहे, वाघ मात्र बहुधा उदासीन असतात. आणि २०१७ मध्ये शंभर मांजरांवर झालेल्या एका अभ्यासात कॅटनिपला दाद न देणाऱ्या मांजरांपैकी बहुतेकांनी जपानच्या माताताबी या वेलीला दाद दिली. तेव्हा बोक्याला अरसिक ठरवण्याआधी त्याच्यापुढे दुसरी एखादी बंदिश ठेवून पाहावी.

मांजर कधीकधी ओठ वर करून तोंडातल्या खास इंद्रियाने वास घेते, इथे त्याची गरज लागत नाही. साध्या नाकानेच काम होते. पुढे काय घडते, हे जपानमधल्या इवाते विद्यापीठातल्या मासाओ मियाझाकी यांच्या गटाने २०२१ मध्ये उलगडले. त्यांनी माताताबीतले नेपेटालॅक्टॉल कागदावर लावून मांजरांपुढे ठेवले. मांजरांनी डोके घासले, अंग घुसळले. त्यांच्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढलेले आढळले, म्हणजे शरीर स्वतःच बनवते ते अफूसारखे द्रव्य. अफूचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन आधी दिले, तेव्हा घासणे पुष्कळ कमी झाले. मग त्यांनी प्रयोग एक पाऊल पुढे नेला, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग तोच. कागद जमिनीवर न ठेवता भिंतीवर आणि वर छताला लावले. मांजरे मागच्या पायांवर उभी राहिली, चढली, आणि तिथेही डोकेच घासले. लोळणे हा भाग जमीन मिळाली म्हणून होतो. मुळात हवे असते ते गंध अंगाला, विशेषतः डोक्याला, चोपडणे. ज्या मांजरांच्या डोक्याला तो लागला होता त्यांच्यावर डास पुष्कळ कमी बसले.

हे वाचल्यापासून मनीचे लोळणे मला निराळे दिसते. आपण तिला नशा चढलेली समजत होतो. ती आनंदात असते हे खरेच, पण त्या आनंदाने तिच्या हातून एक कामही करून घेतलेले असते. रस आणि उपयोग एकमेकांच्या आड येतात असे मानणाऱ्यांनी हे मांजर बघावे. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात त्याच गटाने दाखवले की पाने चावून, चुरगाळून मांजर त्यांतून सुटणारे गंधद्रव्य कित्येक पटींनी वाढवते. म्हणजे ते चघळणेही वाया जात नाही.

डास म्हटल्यावर बंगळूरकर कान टवकारतो. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये डेंग्यूला साथीचा रोग म्हणून अधिसूचित केले, आणि त्या पावसाळ्यात प्रत्येक घर डासांवरचा काही ना काही उपाय शोधत होते. 'नैसर्गिक' म्हटले की हात आधी तिकडे जातो. म्हणून इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. २००१ मध्ये आयोवा स्टेट विद्यापीठातून बातमी आली की प्रयोगशाळेत नेपेटालॅक्टोनने डासांना डीट या प्रचलित डासरोधकाच्या एकदशांश मात्रेत पळवले. ते खरे होते, पण प्रयोग होता काचेच्या नळीतला: नळीच्या एका अर्ध्या भागात द्रव्य, दुसरा अर्धा मोकळा. माणसाची घामेजलेली कातडी वेगळी. तिथे कॅटनिपचे तेल डीटपुढे टिकत नाही, कारण तेच, १६६ रेणुभार आणि उडून जाण्याची घाई. पुढे २०२१ मध्ये त्याची कळही सापडली. डासाच्या अंगातला टीआरपीए-१ नावाचा संवेदक या तेलाने चेतवला जातो. माणसातही याच नावाचा संवेदक आहे, मोहरी किंवा वसाबी नाकात गेल्यावर जी झणझण उठते ती त्याचीच, पण कॅटनिपचे तेल माणसाच्या संवेदकाला जागे करत नाही. डासाला जे झोंबते ते आपल्याला नुसते सुवासिक लागते. एवढी नेमकी निवड मला थक्क करते. तरी संध्याकाळी गॅलरीत अर्धा तास बसायचे असेल तेव्हाच हे तेल ठीक. डेंग्यूच्या दिवसांत, लहान मुलांच्या घरात, त्याच्या भरवशावर राहू नये. तिथे मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, साचलेले पाणी ओतून देणे आणि तपासून पारखलेले मलम हेच.

कातडीला लावायचेच तर नीट पातळ करून. तीस मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पाच-सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस वाट पाहावी. या वनस्पतीची लिंबासारख्या वासाची एक जात आहे, तिच्या तेलात सिट्रल जास्त असते आणि ते नाजूक कातडीला झोंबते. युरोपात या झाडाचा काढा झोपेसाठी, पोटदुखीसाठी, तापात घाम यावा म्हणून प्यायला जात असे. त्या काढ्याच्या पुण्याईवर तेलाचा थेंब पोटात घेऊ नये. काढ्यात वाफेबरोबर जाऊन उरलेले पुसटसे असते, बाटलीत कित्येक पेंढ्यांचा ऐवज एकवटलेला असतो. गरोदर स्त्रियांनी हे तेल टाळावे. पाळी आणणारी वनस्पती अशी तिची जुनी ख्याती आहे. झोपेची औषधे घेणाऱ्यांनीही टाळावे. कॅटनिप पोटात गेल्याने लहान मूल सुस्तावून दवाखान्यात दाखल झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे, तीही नुसत्या वनस्पतीने, तेलाने नव्हे.

आणि मांजर? ज्याच्यासाठी आपण बाटली आणतो त्याच्याच बाबतीत सर्वांत जास्त जपायला हवे. मांजराच्या यकृतात एक उणीव आहे. फिनॉलसारखी पुष्कळशी द्रव्ये ग्लुकुरॉनिक आम्लाला जोडून आपले शरीर ती बाहेर टाकते. ते जोडकाम करणारे एक महत्त्वाचे जनुक मांजराच्या कुळात मोडून पडलेले आहे. शिकारी प्राण्याला वनस्पतींच्या विषांशी झुंजायची वेळ फारशी येत नसे, म्हणून ती विद्या गेली असावी. परिणाम असा की माणूस किंवा कुत्रा जे पचवतो ते मांजराच्या अंगात साचत राहते. चहाच्या झाडाचे तेल म्हणून विकले जाणारे टी-ट्री ऑइल, लवंग, दालचिनी, निलगिरी, पुदिना, संत्रा-लिंबाच्या सालीचे तेल, ही सगळी मांजराच्या घरात धोक्याची आहेत. बंगळूरच्या बंद फ्लॅटमध्ये डिफ्युझर रात्रभर चालू ठेवला की वाफेतले बारीक थेंब मांजराच्या केसांवर बसतात, आणि मांजर दिवसभर स्वतःला चाटत असते. त्यामुळे हवेतले तेल पोटात जायला वेळ लागत नाही. तोंडातून लाळ, अडखळती चाल, थरथर, ओकारी, धाप यांतले काही दिसले की घरगुती उपाय करू नयेत, ओकारी काढायचा प्रयत्न करू नये, बाटली हातात घेऊन तडक पशुवैद्याकडे जावे.

नेपेटालॅक्टोन स्वतः या यादीतल्या विषारी तेलांइतके वाईट नाही, ताजा किंवा वाळका पाला मांजराला सहसा सोसतो. पण शुद्ध तेल ही वेगळी वस्तू आहे. ते मांजराच्या अंगावर, पंजावर, गळ्यातल्या पट्ट्यावर थेट लावू नये, खाण्यात घालू नये, डिफ्युझरमध्ये टाकू नये. काही मांजरे तीव्र वासाने बिथरतात, चावतात. गाभण मांजरी आणि फिट येणारी मांजरे यांच्यापासून तेल दूरच असावे. शिवाय बाटलीवरच्या नावावर विसंबू नये. बाजारात 'कॅटनिप' म्हणून मिळणारे काही द्रव नुसत्या तेलात भिजवलेल्या पाल्याचे असतात, काहींत कृत्रिम सुगंध असतो, काहींत पुदिन्याच्या तेलाची भर, आणि ही शेवटची भर मांजराला सर्वांत घातक. लेबलावर नेपेटा कॅटारिया हे नाव, वाफेवर काढल्याचा उल्लेख आणि तेलात काय काय आहे त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मिळत नसेल तर ती बाटली दुकानातच राहू द्यावी. घरी आणलेली बाटली गडद काचेची असावी, घट्ट बंद, थंड जागी. हवा लागून जुने झालेले तेल कातडीला जास्त त्रास देते.

अकराव्या शतकातल्या काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहिली. अभिनवगुप्तांचा हा शिष्य म्हणतो की काव्याचा प्राण औचित्यात आहे; अलंकार चुकीच्या जागी, चुकीच्या प्रमाणात आला की सौंदर्य राहत नाही. नेपेटाच्या कितीतरी जाती ज्या डोंगरांवर उगवतात त्याच डोंगरांच्या सावलीत हा विचार झाला, हा योग मला सुखवतो. पानाच्या पोटातली ग्रंथी मांजराच्या दाताखाली फुटते तेव्हा सुटणारा गंध त्या प्राण्याच्या नाकासाठी, दहा मिनिटांसाठी, उघड्या हवेत पुरेसा असतो. मग काही काळ मांजराला त्याची ओढ राहत नाही. शरीर स्वतःच पडदा टाकते. तेलात हा पडदा नाही. द्रव्य तेच, पण मोजमाप आपल्या हाती आले, आणि ते मोजमाप करणारा माणूस या गंधाचा रसिक नाही. तो बाहेरचा आहे. त्याला किती झाले ते आतून कळत नाही. या तेलाच्या सुरक्षिततेबद्दल जे काही सांगता येते त्याच्या मुळाशी मला हीच अडचण दिसते.

म्हणून माझा कल खोकलीकडे आहे. अर्थात तिचीही बाजू एकेरी नाही. तिच्यात अकॅलिफिन नावाचे, सायनाइड सोडू शकणारे द्रव्य आहे. आपल्याकडे तिच्या पानांचा रस खोकल्यावर, मुलांचा कफ पाडायला, खरजेवर वापरत आले. श्रीलंकेत तिची पाने भाजी म्हणून खातात, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या लोकांत ती खाल्ल्यावर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्याच्या नोंदी तिथल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. ही कमतरता भारतातही अनेक समाजांत आढळते, आणि पुष्कळांना ती असल्याचे ठाऊक नसते. तेव्हा घरगुती औषध म्हणून खोकली पोटात घेण्याच्या मी विरुद्ध आहे, कुणी कितीही खात्रीने सांगितले तरी.

मांजरासाठी मात्र मी ती वापरतो, आणि बाटलीपेक्षा समाधानाने वापरतो. रोप रस्त्याकडेचे किंवा औषध फवारलेल्या बागेतले नसावे. कुंडीत आपसूक उगवलेले उत्तम. मूळ धुऊन, सावलीत सुकवून, करंगळीएवढा तुकडा सुती कापडाच्या घट्ट शिवलेल्या पुरचुंडीत घालायचा, म्हणजे हुंगता, घासता येतो, गिळता येत नाही. आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे, खिडकी उघडी ठेवून. मनी उठून गेली की पुरचुंडी झाकणाच्या डब्यात परत जाते. बोक्यासाठी माताताबीची काडी मागवली आहे.